पाच शहरांतले ठक: मराठी सबटायटलचं काम कुठवर आलं

‘ले प्ल्यू बेल एस्क्रोकरी द्यु मोंद’ (जगातल्या सर्वांत सुंदर फसवणुका) या चित्रपटाच्या पॅरिस, नेपल्स आणि टोकियो या तीन भागांची सबटायटलं वेळेवर बसली आहेत. ॲमस्टरडॅमची उजळणी चालू आहे. माराकेशचा फक्त मजकूर तयार आहे, वेळा टाकायच्या आहेत.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: हा १९६४ चा कृष्णधवल चित्रपट. दर भागाला वेगळं शहर, वेगळा दिग्दर्शक आणि वेगळी फसवणूक. टोकियो होरिकावाचं, नेपल्स ग्रेगोरेत्तीचं, पॅरिस शाब्रोलचं, ॲमस्टरडॅम पोलान्स्कीचं आणि माराकेश गोदारचं. गोदारचा भाग प्रदर्शनाच्या वेळीच वगळला गेला. पोलान्स्कीचा भागही आज काही प्रतींत सापडत नाही. त्यामुळे ‘अख्खा चित्रपट’ म्हणून हाती येणारी प्रत प्रत्येकाची वेगळी असते, आणि सबटायटल बिघडण्याचं मूळ तिथेच आहे.

म्हणून पहिला नियम: एक लांबलचक फाइल करायचीच नाही. प्रत्येक भागाची स्वतंत्र फाइल करायची आणि तिचं घड्याळ त्या भागाच्या पहिल्या चौकटीपासून (फ्रेमपासून) शून्यावर धरायचं. जोडणी सगळ्यात शेवटी. मधला एक भाग नसला तर त्यापुढच्या भागांचा फक्त आरंभबिंदू बदलतो, आतल्या वेळांना हात लावावा लागत नाही.

वेळ जुळत नसेल तर लगेच सगळी फाइल दोन सेकंद पुढे-मागे ढकलू नका. भागातला पहिला आणि शेवटचा संवाद कानाने पकडा, दोन्हींच्या वेळा टिपा आणि त्यांमधलं अंतर फाइलमधल्या अंतराशी ताडून पाहा. अंतर तेच असेल तर नुसतं सरकवणं पुरेल. चित्रातल्या अंतराला फाइलमधल्या अंतराने भागून प्रमाण ०.९६ आलं तर चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं आणि फाइल २४ ची आहे. वीस मिनिटांच्या भागात हा फरक ४८ सेकंदांचा होतो, लगेच कळतो. फसवणारा प्रकार २४ आणि २३.९७६ चा. वीस मिनिटांत जेमतेम १.२ सेकंद! सुरुवात चोख वाटते, शेवट ‘किंचित मागे’ वाटतो, आणि माणूस शेवट दुरुस्त करायला जाऊन सुरुवात बिघडवतो. इथे सगळ्या वेळांना १.००१ ने गुणावं किंवा भागावं लागतं. कोणतंच प्रमाण बसत नसेल तर मध्ये फिल्म तुटून काही चौकटी गेल्या आहेत असं समजा. भाग निम्मा करा, कोणत्या अर्ध्यात उडी आहे ते पाहा, तो अर्धा पुन्हा निम्मा करा. उडी सापडली की तिच्या पुढच्याच ओळी सरकवायच्या.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर या चित्रपटाची मजा टिकून आहे. फसवणुकीच्या कथेत सबटायटल आधी बोललं की डाव फुटतो. शाब्रोलच्या भागात आयफेल टॉवर विकला जातो. १९२५ मध्ये व्हिक्टर लुस्टिग या ठकाने पॅरिसमध्ये भंगारवाल्यांना टॉवर विकायला काढला, त्या खऱ्या प्रकरणाशी याचं नातं आहे. त्यामुळे काय होणार हे बऱ्याच प्रेक्षकांना माहीत असतं; गंमत असते ती गिऱ्हाईक कोणत्या क्षणी गळाला लागतं यात. वाक्याचा पहिला अर्धा बोलून नट थांबत असेल तर सबटायटलही तिथेच तोडायचं, भले दोन तुकडे छोटे होवोत. एक तुकडा किमान २० फ्रेम टिकला पाहिजे, दोन तुकड्यांत किमान २ फ्रेमचा मोकळा अवकाश हवा, आणि कोणताही तुकडा ७ सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे आपल्या पथ्यावर पडतं: होकार-नकार आपोआप दुसऱ्या तुकड्यात जातो. मात्र पाठोपाठच्या शॉटमध्ये समोरच्याचा चेहरा असेल तर सबटायटल त्या कटपर्यंतच संपवा. चेहरा वाचायला डोळे मोकळे हवेत.

ओळ वाचायला वेळ पुरणार नाही, असा सॉफ्टवेअरने दिलेला लाल इशारा मराठीत बऱ्याचदा खोटा असतो. सॉफ्टवेअर युनिकोडचे घटक (व्यंजन, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे) मोजतं: ‘स्त्रियांना’ म्हणजे त्याच्या लेखी ११, डोळ्याला मात्र अक्षरं तीनच. इशारा आला म्हणून ओळ छाटू नका, मोठ्याने वाचून पाहा.

अक्षरांच्या बाबतीत चार तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली किंवा जोडाक्षरं सुटी झाली, तर प्लेअरची साधी अक्षरजुळणी चालू आहे. लिबॅसची (प्लेअरमध्ये सबटायटल रेखाटणाऱ्या घटकाची) हार्फबझवाली, म्हणजे जोडाक्षरं नीट जुळवणारी, जुळणी लावा. ‘दुसऱ्या’चा रफार झाला, तर र ऐवजी ऱ (युनिकोड ०९३१) टंकायचं राहिलंय. ‘ॲ’ची चौकोनी डबी दिसली, तर फॉन्ट जुना आहे, त्यात ०९७२ हे अक्षर नाही. दोन ओळींच्या मात्रा आणि उकार एकमेकांत घुसले तर आकार कमी करण्याआधी फॉन्ट बदला. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी दोन्ही चालतात. चित्र कृष्णधवल असल्याने पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर हरवतं: १०८० पिक्सेल उंचीच्या चित्राला ३ पिक्सेलची काळी कड द्या, आणि कड चित्राबरोबर लहानमोठी होण्याची सोय फाइलच्या डोक्यातच (सुरुवातीच्या हेडरमध्ये) चालू ठेवा.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून दाखवायचं असेल तर सबटायटल चित्रातच छापून घ्या. यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) ची फाइल अगदी बरोबर असूनही बऱ्याच टीव्हींना देवनागरी जुळवता येत नाही.

नेपल्सला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण माणसं एकमेकांचं तोडून बोलतात. दोघांचं एकाच वेळी चालू असेल तर प्रत्येकाच्या ओळीआधी आडवी रेघ. तिसरा बोलू लागला तर कथेला गरज नसलेली ओळ सोडून द्या. पडद्यावरच्या पाट्या मात्र वर, मधोमध, तिरप्या अक्षरांत, म्हणजे खालच्या संवादाशी टक्कर होत नाही.

माराकेशसाठी दोन वेगवेगळ्या प्रती ताडून पाहायच्या आहेत. अभिनेत्री जीन सीबर्ग या भागात अमेरिकन टीव्ही पत्रकार झाली आहे. ज्यांच्याकडे हा भाग आहे त्यांनी तिचा पहिला आणि शेवटचा संवाद कुठे सुरू होतो ते मिलिसेकंदांसह कळवावं, सोबत प्रतीचा फ्रेम रेट. प्रमाण ठरलं की वेळा टाकायला घेऊ.