पंधराशे डॉलरचा सूड

मंगळवार, रात्री उशिरा

शाळेच्या माहितीचे तक्ते आजही अर्धेच झाले. पटसंख्या किती, खोल्या किती, छत गळतं का, बाक किती. दर वर्षी तेच. शेवटी वैतागून बाजूला सारले आणि होरेस मॅनबद्दलचं अर्धवट राहिलेलं वाचन काढलं, तर तिथेही तक्तेच! फरक एवढाच, की आलेली उत्तरं तो माणूस खरोखर वाचायचा.

मॅन हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचा पहिला सचिव. साल १८३७. त्याआधी वकिली चांगली चाललेली, शिवाय राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष. म्हणजे मंडळाचा कायदा झाला तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत हाच, आणि थोड्याच दिवसांत त्याच मंडळाचा पगारी नोकरही हाच. मित्राला त्यानं कळवलं की कायद्याची पुस्तकं विकायला काढली आहेत, यापुढे पुढची पिढी हेच माझं अशील.

बरं, पदाला अधिकार काय? जवळपास शून्य. शाळा गावांच्या, पैसा गावांचा, मास्तर ठेवणारी समितीही गावाचीच. सचिवानं माहिती जमवायची, अहवाल लिहायचा, फिरून भाषणं द्यायची. कुणाला नोटीस धाडायची सोय नाही. मला वाटतं, तो मोठा झाला तो यामुळेच. हुकूम देता येत नसल्यामुळे पटवून देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १२ वर्षांत १२ अहवाल लिहिले. सुरुवातीलाच शाळांच्या इमारतींवर वेगळं लिहिलं: कोंदट खोल्या, धड न पेटणाऱ्या शेगड्या, पाठीला टेकू नसलेले बाक. शिक्षणाचं तत्त्वज्ञान नंतर, आधी पोराला दिवसभर धड बसता तरी येतं का ते बघू, असा त्याचा रोख.

त्याची रोजनिशी वाचताना मात्र हसू फुटलं. १८३८ मध्ये विधिमंडळानं वर्षाचा पगार पंधराशे डॉलर ठरवला. प्रवास वगैरे वजा जाता हातात पाचशेच्या आसपास उरणार, हा हिशेब त्यानं मांडलाय, आणि पुढे लिहिलंय की जगलो वाचलो तर यांच्यावर सूड उगवीन, पंधराशे डॉलरहून जास्त भलं करून दाखवीन यांचं. पगारवाढीच्या अर्जाचा असा मजकूर मी जन्मात वाचला नव्हता.

पुढच्याच वर्षी, ३ जुलै १८३९ ला, लेक्सिंग्टनला सरकारी अध्यापक विद्यालय उघडलं, देशातलं पहिलं. पहिल्या दिवशी आल्या तीन मुली. तीन! एवढ्यात १८४० साली मंडळच बरखास्त करायचा प्रस्ताव विधिमंडळात आला. तो पडला म्हणून बरं.

१८४३ मध्ये दुसरं लग्न झालं. मेरी पीबडीला घेऊन मधुचंद्राला युरोपात गेला आणि तिथे बघितलं काय, तर शाळा आणि तुरुंग. (बाईंच्या सहनशीलतेवर कुणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवं.) परत येऊन अहवालात प्रशिया या जर्मन राज्यातल्या शाळांचं कौतुक केलं, छडीवाचून वर्ग चालतात हे सांगितलं. झालं! बॉस्टनचे ३१ हेडमास्तर एकत्र येऊन त्याच्यावर तुटून पडले, पुस्तिका छापली. यानं उत्तरादाखल त्याहून जाड पुस्तिका छापली. गप्प बसणाऱ्यातला नव्हताच तो.

सगळंच पटतं असं नाही. लहान मुलांना शिकवायला बायका चांगल्या, हे तो हिरिरीनं सांगायचा, पण त्या कमी पगारात मिळतात हा मुद्दाही त्याच दमात यायचा. शाळा कुठल्याच पंथाची नको म्हणायचा, पण बायबल वाचायचं ते प्रॉटेस्टंटांचं. कॅथलिकांना ते खुपलं, यात नवल काय?

एक प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. पिट्सफील्डला शिक्षकांचं शिबिर होतं. मॅन पोचला तर खोली झाडलेलीच नाही. सोबत राज्याचे गव्हर्नर ब्रिग्ज. दोघांनी झाडू आणले, केर काढला, धूळ झटकली, आणि मग शिबिर सुरू झालं.

१८४८ ला तो संसदेत गेला, पुढे अँटिऑक कॉलेजचा अध्यक्ष झाला, १८५९ मध्ये वारला. ते सगळं उद्या वाचीन.

साडेबारा झाले. तक्ता पुन्हा पुढ्यात ओढला. बाकांच्या संख्येचा रकाना आहे, पाठीच्या टेकूचा नाही. शेऱ्याच्या जागेत लिहून टाकलं: सहावीच्या वर्गातल्या नऊ बाकांना टेकू नाही.