जुनी पिकअप बघताना पहिला प्रश्न: हिने काय वाहिलंय?

जुनी पिकअप घ्यायची ठरली तेव्हापासून आमच्या घरात जेवताना, चहा पिताना, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी सोडताना सुद्धा गाड्यांचाच विषय चालू आहे. सावई-वेऱ्याच्या बाजूला आमचं कुळागर, सुपारी, नारळ, केळी, थोडी मिरी, आणि आतापर्यंत माल फोंड्याला न्यायचा म्हणजे भाड्याचा टेम्पो, जो ऐन सुपारीच्या दिवसांत मिळतच नाही कारण त्याच दिवसांत तो सगळ्यांनाच हवा असतो. नव्या गाडीचा हप्ता भरत बसण्याएवढा आमचा माल नाही. म्हणून जुनी.

तर जुनी गाडी बघायला गेलं की सगळे दोनच गोष्टी विचारतात, मॉडेल कितीचं आणि किलोमीटर किती झालेत. माझा मामा यातलं काहीच विचारत नाही. मामाने आयुष्यभर माल वाहिलाय, आधी मॅटाडोर, मग टाटाची ४०७ म्हणजे हलका ट्रक, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो की गाडीने काय वाहिलंय. मला आधी हे नुसतं बोलायला सुरुवात म्हणून विचारतो असं वाटायचं. पण त्याच्याबरोबर फिरून गाड्या बघितल्यावर पटलं की गोव्यात तरी हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि हे नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

मासळीची गाडी घ्या. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या (मागच्या माल भरायच्या भागाच्या) फटींतून खाली चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकत राहतं, रोज, वर्षानुवर्षं. वरून गाडी रंगवून एकदम चकाचक करता येते पण खाली हौद्याच्या आडव्या पट्ट्या आणि पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे, हँगर जिथे चेसिसला बसतात तिथला लोखंडाचा पापुद्रा नखाने निघतो. आधीच आपल्याकडे समुद्राची हवा, वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात मीठ. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसताना सुद्धा गंज आतल्या आत चालूच राहतो. मामा बरोबर एक छोटा हातोडा ठेवतो आणि चेसिसवर मारत जातो, चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. आणि चेसिसला ताजा काळा रंग दिसला की तो तिथेच थांबतो. म्हणतो, "अगो बाय, विकायच्या आदल्या आठवड्यात चेसिस कोण रंगवतो सांग?"

रेती आणि चिरे (बांधकामाचे जांभे दगड) वाहिलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे गंजापेक्षा वजनाचा प्रश्न. महिंद्राची बोलेरो पिकअप १.३ टन माल घेणारी येते, १.७ टनवाली येते, पण चिरे भरताना हा आकडा कोण बघतो, हौदा भरेपर्यंत भरतात. अशा गाडीचे मागचे पाटे रिकाम्या गाडीतसुद्धा सपाट झालेले दिसतात, किंवा एखादा पाटा मधेच तुटलेला आणि जास्तीचे दोन घातलेले असतात. जास्तीचे पाटे बघून विकणारा सांगतो बघा किती मजबूत केलीय, पण ते मजबूत करायची वेळ का आली ते विचारायचं. मागून लांब उभं राहून गाडी एका बाजूला कललीय का तेही बघायचं, याला पैसे पडत नाहीत.

खाणपट्ट्यातल्या गाड्या पण बघितल्या, डिचोली, सांगे, धारबांदोडा. २०१२ ला खाणी बंद झाल्या, नंतर परत सुरू झाल्या, मग २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद, आणि त्या भागातल्या कितीतरी घरांसमोर गाड्या नुसत्या उभ्या राहिल्या. हप्ते मात्र चालू. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं कारण त्या गाड्यांवर अख्खी घरं चालायची. अशी वर्षभर उभी राहिलेली गाडी किलोमीटर कमी दाखवते म्हणून चांगली असं नाही, डिझेलच्या टाकीत गंज धरतो, रबरी सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर अडकतात. आणि खाणीची लाल धूळ कुठे लपलीय ते बघायचं असेल तर सीट पुढे ओढून मागे बघा, डॅशबोर्डच्या खाली हात घाला. एअर फिल्टर नवा बसवता येतो पण ती धूळ इंजिनात गेली असेल तर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं की धुराचा भपकारा येतो, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम आलं.

काहीजणांनी सांगितलं घाटावरची गाडी आणा, बेळगाव-खानापूरची, तिथे समुद्र नाही. हे खरं आहे, चोर्ला घाट चढून गेल्यावर बघितलेल्या गाड्यांचं खालचं लोखंड आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. पण तिकडे उसाचा माल, आणि घाटात क्लच नि ब्रेक दोन्ही खाल्लेले. शिवाय कर्नाटकाची गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, इथे परत रोड टॅक्स, नवा नंबर. किमतीतला फरक त्यातच जातो असं माझं मत झालं.

या सगळ्या फिरण्यात गाड्यांच्या गप्पा किती झाल्या! मामा ४०७ बद्दल बोलायला लागला की थांबत नाही, १९८६ ला ती आली तेव्हा सगळे जपानी कंपन्यांच्या हलक्या ट्रकांचं कौतुक करत होते आणि टाटाच्या त्या गाडीने सगळ्यांना मागे टाकलं हे तो अगदी अभिमानाने सांगतो. मग टाटा मोबाइल पिकअप, १९८८ ची, आणि नंतरची पहिली सिएरा कार त्याच गाडीवरून बनवलेली हे मला त्याच्याकडूनच कळलं. छोटा हाथी, म्हणजे टाटा एस, आमच्या कामाला बसेल का यावर दोन दिवस वाद झाला. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, बाजारात फिरायला उत्तम गाडी, पण आमच्या घराकडचा चढ ओला असताना नारळ भरून, नाही जमणार. अशोक लेलँडची दोस्त मला मनापासून आवडली होती, चालवायला कारसारखी हलकी. पण आमच्या मेकॅनिकचा हात बोलेरोवर बसलेला आहे आणि गावात गाडी बंद पडली तर कोण येणार हेही बघायला लागतं. मोठी इसुझू पिकअप काय, दिसायला देखणी, पण तिच्या एका पार्टच्या पैशात आमच्या पंपाचं वर्षभराचं काम निघेल.

शेवटी जी पसंत पडली ती बोलेरो पिकअप एका मंडपवाल्याची. मामाचा प्रश्न, काय वाहिलंय? बांबू, कापड, खुर्च्या, लोखंडी पाइप. म्हणजे माल दिसायला डोंगराएवढा पण वजनाला कमी, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात लग्नं-जत्रा नसल्यामुळे गाडी शेडमध्ये. पाइप ओढून ओढून हौद्याचा पत्रा ओरखडलेला आहे, दारांनी खालून थोडा गंज धरलाय, बाहेरून बघणारा नको म्हणेल. पण खाली हातोडा सगळीकडे खणखणला. टायरवरचे चार आकडे बघितले, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, चारही टायर एकाच वेळचे निघाले. थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं, आम्ही मुद्दाम सकाळी न सांगता गेलो होतो कारण विकणारे आधीच गरम करून ठेवतात. ब्रेक पेडलच्या रबराची झीज आणि मीटरवरचे किलोमीटर एकमेकांशी जुळत होते.

कागदांचं मी बघितलं. चेसिस नंबर आरसीवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) आणि गाडीवर कोरलेला अक्षर न् अक्षर ताडला. परिवहनच्या ॲपवर फिटनेस, इन्शुरन्स, आणि बँकेचा बोजा दिसतो, तिथे बोजा अजून होता. कर्ज फिटलंय पण बोजा काढून घेतलेला नाही. हे खूप लोक तसंच सोडतात आणि मग ट्रान्सफर अडते. पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी फिटनेसची तपासणी, त्यानंतर दरवर्षी, आणि ही आठच्या पुढे गेलीय म्हणून तो दरवर्षीचा खर्च आम्ही किमतीत धरायला लावला. मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या आत असल्यामुळे परमिटचं झंझट नाही. लायसन्सची चिंता पण मिटली, ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालते हे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने पक्कं केलंय, त्यामुळे मी स्वतः चालवणार.

सध्या टोकन दिलंय. बोजा काढायचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आला की मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि उरलेले पैसे त्याच टेबलावर, आधी नाही. इन्शुरन्स १४ दिवसांत माझ्या नावावर करायचाय. पाऊस सुरू व्हायच्या आधी हौद्याला नवा पत्रा आणि खालून अंडरकोटिंग मारून घ्यायचंय, फोंडा-शिरोडा भागात हे काम मन लावून करणारा कोणी माहीत असेल तर नक्की सांगा.