बेलफोरच्या जुन्या बाजारातला नालबंद

पूर्व फ्रान्समधल्या बेलफोरला लोक दगडी सिंह बघायला जातात. आम्हीही बघितला. किल्ल्याखालच्या कड्याला पाठ लावून बसलेला, गुलाबी वालुकाश्माचा, 22 मीटर लांब आणि 11 मीटर उंच. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी घडवणाऱ्या बार्तोल्दीचंच हे काम, 1880 मध्ये पुरं झालेलं. फ्रान्स-जर्मनी युद्धात कर्नल दांफेर-रोशरोने हे गाव 103 दिवस लढवलं आणि 1871 मध्ये शेजारचं आल्सास जर्मनीकडे गेलं तरी बेलफोर फ्रान्समध्ये राहिलं, त्याची ही आठवण. जवळ जायला तिकीट काढावं लागतं आणि खालून तो जास्त चांगला दिसतो. झालं सिंहपुराण.

मी गेलो होतो 'आंज'साठी. क्रिस्तियाँ आणि फ्रान्सिस देकां या भावांनी 1969 मध्ये याच गावात उभा केलेला बँड. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की आपल्याकडे पिंक फ्लॉइड, जेनेसिस, येस एवढ्यावर गाडी थांबते. फ्रेंचमध्ये गाणाऱ्यांकडे कोणी फिरकत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझलहून निघून म्युलूझला गाडी बदलली की बेलफोर जवळच आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथल्या जुन्या भागात जुनापुराणा बाजार भरतो. आंजची रेकॉर्ड आंजच्याच गावात घ्यायची, असं मी बायकोला सांगितलं. तिने "स्ट्रीमिंगवर आहे की" म्हणून पाहिलं, पण आली.

बाजारात गर्दी बेताची आणि खोकी उदंड. प्रत्येक खोक्यात फ्रेंच रॉक गायक जॉनी अलिदे. पितळी दिवे, कॉफी दळायची यंत्रं, पुन्हा जॉनी अलिदे. शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी, घडीच्या खुर्चीवर बसून सॉसेज खाणाऱ्या एका आजोबांच्या खोक्यात सापडली: 'एमील झाकोते', 1975. किंमत अठरा युरो. मी पंधरा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सिंहाची किंमत केली.

पण रेकॉर्ड पिशवीत घालायच्या आधी ते म्हणाले, थांबा, ऐकून घ्या. खुर्चीखालून पेटीवजा जुना रेकॉर्ड प्लेयर निघाला. भर रस्त्यात सुई टेकली.

ही रेकॉर्ड मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. एमील झाकोते हे काल्पनिक पात्र नव्हे, हेही माहीत होतं. शेजारच्या ओत-सोन भागातल्या सोल्नो नावाच्या खेड्यातला हा म्हातारा नालबंद. घोड्यांना नाल मारण्यात आयुष्य गेलेलं आणि डोक्यात पऱ्यांच्या, बुटक्यांच्या गोष्टी भरलेल्या. बँडवाले त्याला जाऊन भेटले, त्याच्या गोष्टींवर पहिल्या बाजूची गाणी बांधली आणि त्याचा आवाजही रेकॉर्डवर ठेवला. घरी हेडफोनवर तो आवाज मी नेहमी दोन गाण्यांमधली खरखर म्हणून सोडून द्यायचो.

तिथे तसं झालं नाही. कोकणातला एखादा आजोबा हडळीची गोष्ट सांगताना आवाज खाली आणतो ना, अगदी तसा आवाज, आणि आजूबाजूला त्याच मुलखातली माणसं त्याच हेलात कांद्याचे भाव विचारत होती. बायकोने पुण्याला अलियाँस फ्रान्सेझमध्ये फ्रेंचच्या कितीतरी परीक्षा दिल्या आहेत. मी आशेने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "एक शब्द कळला नाही." मग आजोबांनी सुई उचलून तेच वाक्य शहरी फ्रेंचमध्ये म्हणून दाखवलं, पुन्हा सुई टेकवली, पुन्हा उचलली. मागे एक जण जुनी घड्याळं बघायला थांबला होता, तोही हसून हेल काढून दाखवायला लागला. 'बेल, बेल, पतीत शेव्र'मधल्या शेळीपाशी तर दोघेही बें बें करायला लागले.

'स्युर ला त्रास दे फे' मात्र त्यांनी मध्ये न थांबवता पूर्ण वाजू दिलं. पऱ्यांचा माग काढणारं गाणं. क्रिस्तियाँ एरवी गातो कमी आणि नट म्हणून वावरतो जास्त, ओरडतो, कुजबुजतो, तोंडं वेडीवाकडी करतो. इथे तो सरळ चालीत गातो आणि फ्रान्सिसचा ऑर्गन खालून भरत येतो. मेलोट्रॉन (टेपवर भरलेले सूर पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य) वाटावा असा तो सूर त्याने ऑर्गनला इको जोडून काढलेला आहे. बायको म्हणाली, "नाटकातली पायपेटी आठवते." मी आजोबांना सांगितलं की आमच्या नाट्यसंगीतातली पेटी मुळात तुमच्याकडची, 1842 मध्ये पॅरिसच्या दबँने पेटंट घेतलेली. त्यांना पटलं नाही. मग बायकोने फोनवर एक नाट्यपद लावलं. ते त्यांनी मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. अठरा."

दिले अठरा.

दुसऱ्या बाजूबद्दल माझं मत त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. तिथे झाकोतेबुवांच्या गोष्टी संपतात आणि बँड आपल्या नेहमीच्या नाटकी वाटेला लागतो. वाईट नाही, पण म्हातारा खोलीतून उठून गेल्याचं जाणवतं. 2014 मध्ये क्रिस्तियाँने नव्या साथीदारांबरोबर हा अल्बम पुन्हा वाजवला. त्या नव्या अल्बमचं नाव काढताच आजोबांनी सॉसेजकडे लक्ष वळवलं.

एवढं झाल्यावर सोल्नोला जायची हुक्की आली. रविवारी तिकडे बस मिळेना. चौकशी केली त्या प्रत्येकाने खांदे उडवले आणि "रविवारी?" एवढंच उलट विचारलं. रविवारी खेड्यात माणसं राहत नाहीत की काय, देव जाणे. शेवटी बदाम आणि रासबेरीची 'बेलफ्लोर' खाऊन, जी सिंहापेक्षाही मला आवडली, आम्ही परतीची गाडी पकडली. बाझलच्या आसपास राहणाऱ्या कोणा मराठी माणसाकडे गाडी असेल आणि सोल्नोला जायची तयारी असेल तर कळवा. पेट्रोलचे पैसे मी देईन, गाणी मात्र मी लावणार.