बाबांची चिमूट

पुण्यात, समुद्रापासून घाटभर लांब, आमच्या हॉलमध्ये दोनशे लिटर खारं पाणी आहे. त्यात दोन क्लाऊन मासे, एक गोबी नावाचा मासा आणि बरेच खडक. गणपतीनंतर खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ धरायला लागलं, तेव्हा नायट्रेटची, म्हणजे शेवाळाच्या खताची, टेस्ट केली. परीक्षानळीतलं पाणी केशरी की लाल, यावर ट्यूबलाइटखाली घरात एकमत होईना. खिडकीशी नेऊन बघितलं तर सरळ लाल, म्हणजे भरपूर. ८० पीपीएम (दहा लाख भागांत ८०)!

आधी वाटलं, मीच चुकले. टेस्ट किटच्या दुसऱ्या बाटलीत तळाशी साका बसतो, ती नीट हलवली नाही तर आकडा भलताच येतो. पुन्हा केली, अर्धा मिनिट हात दुखेपर्यंत हलवून. तोच लाल.

मग पाणी बदलणं. दर रविवारी ४० लिटर आरओचं पाणी, त्यात जवळपास दीड किलो मीठ. पण वीस टक्के पाणी बदललं तर नायट्रेटही वीस टक्केच उतरतं: ८० चे ६४, मग ५१, मग ४१. तेही वर काही पडत नसेल तर. तीन रविवार कंबर मोडून घेतली आणि चौथ्या रविवारी पुन्हा ८०. बादलीतलं ताजं पाणी तपासलं, ते स्वच्छ पिवळं, म्हणजे शून्य.

सापडलं ते खाण्याच्या डबीमुळे. सहा महिने पुरायची डबी दोन महिन्यांत तळाला गेली होती.

"बाबा, तुम्ही घालता का यांना काही?"

"अगं, चिमूटभरच. सातच्या बातम्यांना बसलो की काचेशी येऊन बघत राहतात माझ्याकडे."

क्लाऊन कुणाकडेही तसंच बघतात. पण सासऱ्यांना हे कोण सांगणार! खाल्लेलं असो की खडकामागे कुजलेलं, त्याचा अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. त्यापुढे त्याचा वायू करणारे जीवाणू खडकाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे राहतात. माझ्याकडे खडक तेवढे नाहीत.

व्होडकाचे थेंब घालून जीवाणू वाढवायचीही एक रीत आहे. पण या घरात बाटली आणून "माशांसाठी आहे" म्हणायची माझी छाती नाही. त्यापेक्षा खालच्या सम्पमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीत, किटोमॉर्फा वाढवलं. हे शेवाळ दिसतं भांड्यांच्या तारेच्या घासणीसारखं, पण नायट्रेट खाऊन फुगतं. महिन्याला मूठभर उपटून फेकायचं, बस्स.

आता आकडा १० च्या आसपास असतो. शून्य मला नकोच. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले की डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी बुळबुळीत थर यायची भीती असते, त्यापेक्षा हिरवं शेवाळ परवडलं.

आणि बाबांना त्यांचाच बीपीच्या गोळ्यांचा जुना डबा दिलाय, सोम ते रवि खणांचा. एका खणात एका दिवसाचं खाणं, मोजून. परवा मंगळवारी सहज उघडला, तर गुरुवारचा खण रिकामा.