निळ्या झाकणाची नळी

तालुक्याच्या गावातल्या एका लॅबच्या खिडकीत माझ्या लेकीच्या रक्ताची नळी एप्रिलच्या उन्हात पडलेली मी पाहिली होती. तेव्हा त्यात काही वावगं आहे हे मला कळलं नाही. आज तीच गोष्ट आठवली की अंगाचा तिळपापड होतो, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर बसने अर्ध्या दिवसावर. लेक नोव्हेंबरात झाली, कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत. कावीळ उतरेना. 'कोवळ्या उन्हात ठेव, उतरते' असं सगळेच म्हणत होते. आशाताईंनी लंगोट पाहिला आणि शी खडूसारखी पांढरी दिसल्यावर एक दिवसही थांबू दिलं नाही. तिच्या पित्तनलिका बंद होत्या, बिलिअरी अट्रेशिया. सत्तावन्नाव्या दिवशी नागपूरला ऑपरेशन झालं. साठ दिवसांच्या आत झालेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशनचं नाव 'कसाई' ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ते मोरिओ कसाई या जपानी सर्जनचं नाव आहे, हे त्यांना समजवायला डॉक्टर स्वतः खाली बसले. पित्त वाहून नेण्यासाठी बाळाचंच आतडं यकृताला जोडतात. ते सगळं नीट पार पडलं.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, "ऑपरेशन जमलं की नाही हे टाके सांगत नाहीत, रक्त सांगतं. तीन महिन्यांत एकूण बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, दोनच्या खाली आलं, तर स्वतःच्या यकृतावर मूल राहण्याची आशा पुष्कळ वाढते. सहाच्या वर राहिलं, तर प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा लागतो." ऑपरेशनआधी तिचं ९.४ होतं. मी कॅलेंडरवर एप्रिलच्या पानावर मोठ्ठा २ लिहून ठेवला.

दर पंधरा दिवसांनी तालुक्याला रक्त द्यायचं आणि रिपोर्टचा फोटो नागपूरला पाठवायचा, असं ठरलं. पहिल्याच खेपेला रिपोर्टवर एकूण बिलिरुबिन तेवढं आलं, डायरेक्ट, म्हणजे पित्त अडलं की वाढतो तो भाग, नाहीच. विचारलं तर "तेवढंच करतो आम्ही." चिठ्ठीवर दोन्ही लिहिलेलं होतं! दुसऱ्या खेपेला सुई हलली, रक्त फुटलं, तरी तपासणी करून टाकली. एसजीओटी, यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा, एकदम वाढून आला. रक्तपेशी फुटल्या की तो आकडा खोटाच चढतो, हे मला नागपूरच्या नर्सताईंनी फोनवर सांगितलं.

तिसऱ्या खेपेला निळ्या झाकणाची नळी. ही पीटी-आयएनआरची, रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची. त्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध आधीच असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग औषध, म्हणून खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. पोराने अर्धी भरली. मी म्हटलं, "दादा, खुणेपर्यंत नाही आली." तो म्हणाला, "एवढ्याशा लेकराचं रक्त निघत नाही जी. चालते." दुसऱ्या दिवशी आयएनआर २.४. नागपूरहून फोन आला, आत्ताच्या आत्ता निघा, यकृत थकलं असेल किंवा व्हिटॅमिन के कमी पडलं असेल. लेकराला छातीशी धरून रात्रीची बस पकडली. वाटभर मी तिची हिरडी मोबाईलच्या उजेडात पाहत होते, रक्त तर येत नाही ना म्हणून. तिथे आधी पुन्हा रक्त घेतलं, लहान मापाच्या नळीत, बरोब्बर खुणेपर्यंत. आकडा आला १.१. काहीच झालेलं नव्हतं, अर्ध्या भरलेल्या नळीत रक्ताच्या मानाने औषध जास्त झालं होतं. ती रात्र कोण परत देणार मला?

आणि मग ती खिडकी. तीन महिने व्हायला आठ दिवस होते. नमुना दुपारच्या गाडीने पुढे जायचा होता, तोवर नळी खिडकीत पडून. रिपोर्ट आला १.६. मी शेजारीपाजारी साखर वाटली. नागपूरला फोटो पाठवला, तर डॉक्टरांनी अभिनंदन केलं नाही, विचारलं, "नमुना उजेडात होता का?" बिलिरुबिन उजेडात विरतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. तिथे जाऊन पुन्हा केलं, २.४. उन्हाने बाळाची कावीळ नाही उतरली, नळीतली तेवढी उतरली. साखर वाटलेल्या घरांसमोरून जाताना मान वर होत नव्हती.

त्यानंतर मी ऐकून घेणं सोडलं. नळीला काळा कागद स्वतः गुंडाळते, बर्फाचा डबा घरून नेते, निळी नळी आधी पाहते, खूण दाखवते, मगच हात सोडते. अपुरी भरली तर तिथेच सांगते, ही पाठवू नका. पैसे वाया जातात, जाऊ द्या. तीन महिन्यांच्या तपासणीला मात्र सरळ नागपूर गाठलं. १.९. मी लॅबच्या पायरीवर बसून रडले. डॉक्टर म्हणाले, एका आकड्यावर जीव टांगू नका, उतरता क्रम बघा.

एक राहिलं. जीजीटी, हाही यकृत-पित्ताच्या तपासणीतला आकडा, बरेच महिने चढा राहू शकतो, त्याने घाबरून जाऊ नका. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) यांवर लक्ष ठेवा. प्लेटलेट्स खेपेगणिक घसरत असतील तर प्लीहा वाढतेय का ते पाहतात, अल्ब्युमिन उतरलं तर यकृताचं काम मंदावतंय का ते. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच वहीत चिकटवा, शक्यतो एकाच लॅबचे. आणि ताप आला, शी पुन्हा पांढुरकी झाली, डोळे पिवळे दिसले, तर रिपोर्टची वाट पाहू नका. ते पित्तमार्गातलं इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी निघा. आम्हाला मे महिन्यात एकदा असं निघावं लागलं, वेळेत पोहोचलो म्हणून सलाइनवर निभावलं.

आता ती नऊ महिन्यांची आहे. मागच्या आठवड्यात बिलिरुबिन ०.८. शी हळदीसारखी पिवळी. लंगोट बदलताना मी रोज खिडकीशी नेऊन पाहते.