बिल्ला कापायचा की ठेवायचा?

१७ मे २०२२ ची रात्र. सातपूरच्या ऑफिसात देश-विदेशचं पान माझ्याकडे, आणि डाक आवृत्ती सुटायला चाळीस मिनिटं. रशियाने वेढलेल्या मारियुपोलच्या अझोवस्ताल पोलाद कारखान्यातून २६४ युक्रेनी सैनिक बाहेर पडले, त्यातले ५३ गंभीर जखमी, अशी बातमी आली. शिकाऊ पोराने मथळा दिला, ‘नाझी बटालियन शरण’. मीही घाईत ओके म्हणून मोकळा झालो.

आमच्याकडे प्रुफं वाचायला एक काका येतात. देवळालीच्या तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ऱ्हस्व-दीर्घावरून अख्ख्या डेस्कला झापणारे. ते प्रूफ घेऊन आले. “साहेब, ह्यांना पगार कोण देतं?”

मला वाटलं, गंमत चाललीय.

“नाही, सांगा ना. रेशन कुणाचं, हुकूम कुणाचा?”

मग शोधायला बसलो. मथळ्यातली ती बटालियन म्हणजे कारखान्यात लढणारी ‘अझोव्ह’ तुकडी. ती उभी राहिली मे २०१४ मध्ये. पूर्व युक्रेनमधल्या डोनबासमध्ये रशियाधार्जिण्या फुटीरांनी उचल खाल्ली होती आणि युक्रेनचं लष्कर पार खिळखिळं निघालं होतं, म्हणून जो बंदूक उचलेल तो चालत होता. संस्थापक आंद्री बिलेत्स्की जहाल वंशवादी संघटनेचे पुढारी; सुरुवातीच्या पोरांत फुटबॉल मैदानावरचे हुल्लडबाजही होते. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुकडी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे गृहखात्याच्या पगारपत्रकावर गेली. बिलेत्स्की निवडणूक जिंकून संसदेत गेले. शिवाय त्या कारखान्यात नौदलाचे मरीनही अडकले होते. सगळे एकाच शब्दात कोंबून आम्ही मोकळे!

“म्हणजे पलटण सरकारी झाली,” काका म्हणाले. “हुकूम वरून यायला लागला की निम्मी मस्ती उतरते. निम्मी.” आणि फोटोवर बोट ठेवलं. “पण हा बिल्ला?”

एका सैनिकाच्या दंडावर तो दिसत होता. इंग्रजी एन आणि त्याला छेदणारी रेघ. अझोव्हवाल्यांच्या मते ती ‘राष्ट्राचा विचार’ या शब्दांची आद्याक्षरं; पण हिटलरच्या एसएस या नाझी दलातल्या ‘दास राइश’ डिव्हिजनचं चिन्हही जवळपास असंच. त्यामागचा ‘काळा सूर्य’, हेही नाझींचंच चिन्ह, पुढे काढला गेला; ही एन-रेघ मात्र राहिली.

“क्रॉप करू का?” पोराने विचारलं. नको म्हटलं. मथळ्यातून ‘नाझी’ काढलं, बिल्ला फोटोत ठेवला आणि खाली चार ओळींची चौकट दिली: जन्म कुठला, गार्डमध्ये कधी गेले. पान बावीस मिनिटं उशिरा सुटलं. सुरगाण्याचे गठ्ठे चुकले आणि सकाळी वितरणवाल्यांनी माझा उद्धार केला, तो वेगळाच.

जून २०२४ मध्ये अमेरिकेने अझोव्हला शस्त्रं देण्यावरची बंदी उठवली. ती बातमीही माझ्याच पानावर आली. पोरगा एव्हाना उपसंपादक झालेला. चौकट त्याने न सांगता केली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ धरला.

“आहे अजून,” म्हणाले, आणि वेलांट्या तपासायला लागले.