आमसूल, मीठ आणि आमची वाटचाल

२००६ साली कुडाळच्या बाजूला, घराच्या पडवीत आमसूल आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, यांचं काम सुरू केलं तेव्हा भांडवल काय होतं? बायकोच्या बांगड्या मोडून आलेले पैसे, चार प्लास्टिकचे ड्रम आणि वरच्या वाडीतल्या काकी. परवान्यावर नाव माझं असलं तरी धंदा काकींनीच उभा केला, हे मी आजही सगळ्यांसमोर सांगतो.

कुठल्या घळणीत कुठलं भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं झाड, कुठलं आधी पिकतं, कुठलं आठ दिवस मागे, हे त्यांना घरातल्या माणसांसारखं पाठ. बी टाकून वाढलेल्या रातांब्यांत (भिरंडाचंच दुसरं नाव) निम्मी झाडं नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही. त्या लांबूनच सांगायच्या. रानात त्यांचा कायदा चालायचा. लालबुंद झालेलंच फळ घ्यायचं, फांदी मोडायची नाही, शेंड्यावरची भिरंडा माकडांना आणि पाखरांना. बायका आकडीने फांदी वाकवून फळं डालीत घ्यायच्या. खाली आपटलेलं फळ वेगळ्या डालीत, कारण ते रात्रीत आंबतं.

लोखंड आणि जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) भांडी आमच्याकडे रातांब्याजवळ फिरकू देत नाहीत. आंबट रस धातू खातो आणि सोलाचा, म्हणजे आमसुलाचा, रंग जातो. स्टीलची सुरी, लाकडी पाट, बांबूचे तट्टे. फळ चिरून गर आणि बिया मीठ लावून ड्रममध्ये, सालं उन्हात. मग सुटलेल्या रसात बुडवून पुन्हा ऊन, असं पुटावर पूट. काकी सात पुटांखाली ऐकायच्या नाहीत. बियांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, पावसाळ्यात, चुलीवर पाणी उकळून. ज्यांनी भेगाळलेल्या टाचेला ते चोळलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

२०१३ च्या हंगामात तो आला. नाव घेणार नाही. घाटावरचा व्यापारी, टेंपो आणि हातात रोख. आमच्यापेक्षा किलोला दोन रुपये जास्त देऊ लागला. वाडीतल्या निम्म्या बायका तिकडे गेल्या. मी त्यांना दोष देत नाही, दोन रुपये म्हणजे पोराची वही. पण त्याला पिकलेलं-कच्चं सारखंच. हिरवी फळं, फांद्यांसकट. दोन झाडं तर त्याच्या माणसांनी कोयत्याने अर्ध्यावर आणली. तीस-चाळीस वर्षांची झाडं, सामायिक जमिनीतली. सातबारावर सतरा नावं, त्यामुळे तक्रार करायला एकही पुढे आला नाही. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

त्याचं आमसूल म्हणजे एक पूट आणि वर मिठाचं पाणी. मीठ ओल धरून ठेवतं, वजन वाढतं. वर लाल रंग. पोत्यावर मात्र ‘कुडाळचं आमसूल’. कोल्हापूरच्या ज्या दुकानदाराला मी सहा वर्षं माल देत होतो, त्याने ते पोतं स्वस्तात घेतलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि माझी अकरा पोती न उघडता परत पाठवली. कुडाळचा माल नको म्हणाला. नव्या शेडचं कर्ज डोक्यावर होतं. जूनचा हप्ता थकला, जुलैचाही.

एका रात्री मीच ठरवलं की आपणही मीठ वाढवू. सकाळी काकींना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “मीठ विकूचा आसात तर शिरोड्याक जा. माका बोलव नको.” शिरोडा म्हणजे आमच्याकडचं मिठागरांचं गाव. एवढं बोलून त्या घरी गेल्या. तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या खळ्यात जाऊन माफी मागितली.

त्याच आठवड्यात मडगावच्या बाई आल्या. खाणावळ चालवतात, पहिल्या वर्षापासून आमचं आगळ नेतात. दरवेळी स्वतः एसटीने येऊन चमच्याने चव बघतात. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, पण परत आलेली पोती त्यांनी पाहिली. तीन पोती स्वतः घेतली, ओळखीच्या चार खाणावळींत उरलेली लावून दिली आणि पुढच्या वर्षाच्या आगळाचे वीस हजार आगाऊ ठेवून गेल्या. बँकेला दोन हप्ते गेले. म्हणून आज हे लिहायला आम्ही उरलो.

पुढची वर्षं नीट गेली. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद झाला. तीन वर्षं आधी मिळतं तर जास्त झाला असता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात शेडचे पत्रे उडाले. २०२५ ला पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि तट्ट्यावरची सालं बुरशीला लागली. तेव्हापासून आभाळ भरलं की सालं सुकवायच्या नादाला लागत नाही, फळ सरळ आगळ आणि सरबताकडे वळवतो.

नवीन पोरं विचारायला येत नाहीत, तरी सांगतो. काटा बायकांच्या समोर ठेवा आणि पैसे त्याच संध्याकाळी द्या. सामायिक जमीन असेल तर मार्चमध्येच सगळ्या हिस्सेदारांशी बोला, मेमध्ये भांडण होतं. दापोलीच्या विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ची कलमं जरूर लावा, मादी झाडाची खात्री असते. पण त्यासाठी किंवा काजूसाठी रानातला जुना रातांबा तोडू नका. आणि घेणाऱ्यांनो, आमसुलावर पांढरे खडे चमकताना दिसले तर तुम्ही मिठाचे पैसे देताय.

काकी आता रानात चढत नाहीत. त्यांची सून काट्यावर बसते आणि हिरवं फळ दिसलं की माझ्याही बाजूचं परत करते. तो टेंपो अजून येतो, आमच्या वळणावर न थांबता खालच्या गावात जातो. हंगामाचं पहिलं आगळ निघालं की मडगावचे सहा कॅन आधी बाजूला ठेवायचे, मग बाकीच्यांचा हिशोब.